एकाच जागी एकच चूक

शेळीला आवळा लागत नाही. लिंबू, संत्रं, पेरू यांतलं काही जन्मभर तिच्या वाट्याला आलं नाही तरी तिच्या हिरड्या सुजत नाहीत, कारण 'क' जीवनसत्त्व ती स्वतःच्या यकृतात साखरेपासून तयार करते. गाय करते, कुत्रा करतो, मांजर करतं, घरातला उंदीरही करतो. माणसाला ते जमत नाही. काही महिने ताजी फळं-भाज्या मिळाल्या नाहीत की त्याला स्कर्व्ही होतो: हिरड्यांतून रक्त येतं, दात हलायला लागतात, भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. लांबच्या सफरींवर गेलेल्या युरोपीय जहाजांवर या रोगाने खलाशी पटापट मरत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर १२ आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं खाणारी जोडी सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

मग प्रश्न असा की जे शेळीला येतं ते आपल्याला का येत नाही? या प्रश्नाच्या उत्तरात उत्क्रांतीचा एक पुरावा दडलेला आहे.

ग्लुकोजपासून 'क' जीवनसत्त्व बनतं ते अनेक पायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरीसाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. आपल्या शरीरात अडतं ते फक्त शेवटच्या पायरीवर. ती पार पाडणारं विकर ज्या जनुकावरून तयार होतं त्याला थोडक्यात 'गुलो' म्हणतात. जपानमध्ये मोरिमित्सु निशिकिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या कुळातल्या रॅट या प्राण्याचं हे जनुक हाताशी घेऊन माणसाच्या डीएनएत त्याच्यासारखं काही सापडतं का, याचा शोध घेतला. सापडलं. आपल्या आठव्या गुणसूत्रावर हे जनुक आजही आहे, पण मोडक्या अवस्थेत. रॅटमध्ये ते बारा तुकड्यांचं आहे. आपल्यात त्यातले निम्म्याहून जास्त तुकडे गायब आहेत आणि उरलेल्यांत इतक्या चुका साठल्या आहेत की त्यावरून कुठलंही कामाचं प्रथिन बनू शकत नाही.

दहावीला आपण सगळे अवशेषांगं शिकलो: आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ. हे त्याच जातीचं अवशेष-जनुक. मला मात्र ते आंत्रपुच्छापेक्षा कितीतरी बोलकं वाटतं. आंत्रपुच्छाचा थोडाफार उपयोग आहे की नाही यावर वाद घालता येतो. जनुक मात्र अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि अक्षर अक्षराशी ताडून बघता येतं.

ही अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. आईकडून एक आणि बापाकडून एक असे प्रत्येकी सुमारे ३१० कोटी अक्षरांचे दोन संच आपल्याला मिळतात. पेशी विभागताना हे सगळं पुन्हा नकलून काढावं लागतं. नक्कल विलक्षण अचूक होते, तरी काही अक्षरं बदलतात, गळतात, दोनदा उमटतात. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळात आई-बापांच्या डीएनएत नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. त्यातल्या बहुतेकांनी काही बिघडत नाही. पण एकदा बदल झाला की तो पुढच्या पिढ्यांकडे जातो. एखाद्या बदलाने जनुक मोडलं आणि ते प्राण्याला घातक ठरलं, तर तो प्राणी बहुधा वंश वाढवायला उरत नाही. मोडून फारसं बिघडलं नाही, तर मोडकं जनुक वंशात टिकून राहतं. वर्षभर फळं-पानं खाणाऱ्या प्राण्याचं 'गुलो' बंद पडलं तर त्याला ते जाणवणारही नाही.

आता उत्क्रांतीचा मुद्दा. माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए जवळजवळ सारखा आहे, हे आपण वर्तमानपत्रात अनेकदा वाचतो. २००५ मध्ये चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, प्रसिद्ध झाला तेव्हा अक्षर-अक्षर जुळवता येणाऱ्या भागात फरक साधारण १.२ टक्के निघाला. गळलेल्या आणि जादा घुसलेल्या तुकड्यांचा हिशेब त्याहून वेगळा, त्याने फरक वाढतो. पण ही टक्केवारी हा उत्क्रांतीचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे असं मी मानत नाही. कुणीही विचारू शकतं, आणि तो प्रश्न रास्तच आहे: दोघांनाही हृदय आहे, फुप्फुसं आहेत, दोघांनाही श्वास घ्यायचा आहे, मग सारख्या कामाला सारखी जनुकं असली तर नवल काय? त्यावरून नातं कसं सिद्ध होतं?

याचं उत्तर पुण्यात एका वेगळ्याच कामातून शिकता येतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या, बंगालीतल्या, देवनागरीतल्या, तेलुगूतल्या, मल्याळम लिपीतल्या पोथ्या जमवून ओळ ओळ ताडली गेली. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, हे ठरवायचं कसं? दोन पोथ्यांत एखादा श्लोक बरोबर आणि सारखा आहे, यावरून त्यांच्या नात्याबद्दल फार काही कळत नाही, कारण बरोबर श्लोक सगळीकडे सारखाच असणार. पण दोन पोथ्यांत एकाच जागी एकच ओळ गळली असेल, त्याच शब्दातलं तेच अक्षर चुकलं असेल, तर त्या दोन्हींच्या मागे एकच मूळ प्रत आहे, ज्या प्रतीत ही चूक पहिल्यांदा झाली. एखादी चूक दोन लेखनिकांनी स्वतंत्रपणे केलीही असेल. अशा पन्नास चुका ओळीने जुळल्या तर तो योगायोग म्हणता येत नाही. कोणाच्या कोणत्या चुका जुळतात हे मांडत गेलं की पोथ्यांची वंशावळ आपोआप उभी राहते.

जीवशास्त्रज्ञ डीएनए वाचून नेमकं हेच करतात. म्हणून मोडकं 'गुलो' इतकं महत्त्वाचं.

निशिकिमींच्या गटाने १९९९ मध्ये माणूस, चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकड या चौघांच्या मोडक्या 'गुलो'चा एकच तुकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिला. चौघांमध्येही एकाच ठिकाणचं एक अक्षर गळलेलं होतं. प्रथिनासाठी डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. एक अक्षर गळलं की त्यापुढचे सगळे गट सरकतात आणि पुढचा मजकूर निरर्थक होतो. चार वेगवेगळ्या प्राण्यांत, कुणालाच उपयोगाचं नसलेलं एक जनुक, त्याच जागी त्याच पद्धतीने मोडलेलं. सारख्या गरजेतून हे येऊ शकत नाही, कारण मोडक्या जनुकाची गरज कुणालाच नसते. चौघांच्या समान पूर्वजात ते मोडलं आणि वारशाने सगळ्यांकडे आलं, एवढंच स्पष्टीकरण इथे बसतं.

याची उलटतपासणीही निसर्गाने करून ठेवली आहे. गिनिपिगला 'क' जीवनसत्त्व बनवता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांना गिनिपिगमध्ये स्कर्व्ही दिसला, तो याच कारणाने. गिनिपिग कुरतडणारा प्राणी. आपला तो जवळचा नातेवाईक नसेल तर त्याचं जनुक वेगळ्या तऱ्हेने मोडलेलं असायला हवं. तसंच आहे. कोणते तुकडे गळाले याचा त्याच्यातला नमुना आपल्यापेक्षा वेगळा आहे, म्हणजे त्याच्या वंशात ही मोडतोड स्वतंत्रपणे झाली. आणि वानरगणातलेच, पण आपल्यापासून फार पूर्वी वेगळे झालेले मादागास्करचे लेमूर? त्यांचं 'गुलो' धडधाकट आहे. म्हणजे लेमूरांची फांदी निघाल्यानंतर आणि माकडं-वानरं-माणूस यांच्या फांद्या फुटण्याआधी कधीतरी हे जनुक बंद पडलं, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी. 'माणूस माकडापासून झाला' असं आपण सर्रास म्हणतो, ते इथे सुधारून घ्यावं. आजचं माकड आणि आजचा माणूस दोघेही एका जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचे वंशज आहेत.

एवढ्या एका जनुकावर कुणी विश्वास ठेवू नये. पण असे पुरावे हजारोंनी आहेत, आणि त्यातला सगळ्यात मोठा ढीग विषाणूंचा आहे.

रेट्रोव्हायरस नावाचे विषाणू, एचआयव्ही त्यातलाच एक, पेशीत शिरले की आपली जनुकं यजमानाच्या डीएनएत चिकटवून टाकतात. संसर्ग रक्तपेशीत झाला तर तो मजकूर त्या प्राण्याबरोबर संपतो. क्वचित कधीतरी तो शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत घुसतो, त्या पेशीपासून पिल्लू जन्मतं, आणि मग त्या पिल्लाच्या प्रत्येक पेशीत, पुढे त्याच्या वंशातही, तो विषाणू डीएनएचा भाग म्हणून राहतो. हे आज आपल्या डोळ्यांसमोर घडत आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये असा एक विषाणू वंशपरंपरेने उतरायला लागला आहे. उत्तरेकडच्या कोआलांत तो सर्रास आढळतो, दक्षिणेकडच्यांत पुष्कळ कमी.

माणसाच्या जीनोमचा जवळपास ८ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे. प्रथिनं घडवणाऱ्या अक्षरांचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास, हे ध्यानात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. आता हे अवशेष चिंपांझीत कुठे आहेत ते पाहा. बहुतांश त्याच गुणसूत्रावर, त्याच दोन अक्षरांच्या मध्ये. विषाणूला चिकटायला जीनोममधल्या काही जागा जास्त सोयीच्या असतात हे खरं, पण निवडीला कोट्यवधी जागा असताना दोन प्राण्यांना वेगवेगळा संसर्ग होऊन हजारो वेळा नेमकी तीच जागा सापडणं शक्य नाही. शिवाय या खुणा एकात एक बसणाऱ्या गटांत सापडतात: काही फक्त माणसात, त्याहून जुन्या माणूस आणि चिंपांझीत, त्याहून जुन्या गोरिलासकट सगळ्यांत, आणखी जुन्या मकाकपर्यंत पोचणाऱ्या. विषाणूचं वयही ताडता येतं. चिकटताना त्याच्या दोन टोकांचा मजकूर हुबेहूब सारखा असतो. पुढे दोन्ही टोकांत आपापले बदल साठतात. टोकांत जितका फरक, तितका विषाणू जुना.

यातल्या एका विषाणूचं जनुक तर आपल्या जन्माच्याच कामी आलं. गर्भाची वार तयार होताना पेशींचा एक थर एकमेकांत विरघळून सलग होतो. त्यासाठी लागणारं 'सिन्सिटिन' हे प्रथिन मुळात विषाणूच्या वेष्टनाचं, पेशीला चिकटून आत शिरण्यासाठीचं. हे २००० मध्ये लक्षात आलं. उंदरातही वारेसाठी असंच प्रथिन आहे, पण ते वेगळ्याच विषाणूकडून आलेलं आहे. मला स्वतःला उत्क्रांतीबद्दलची एवढी थक्क करणारी दुसरी गोष्ट माहीत नाही.

आता गुणसूत्रांकडे. माणसाची गुणसूत्रं ४६. ही संख्या १९५६ मध्ये पक्की झाली. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान तिघांची ४८. पूर्वज एक असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? हजारभर जनुकं असलेलं गुणसूत्र नुसतं हरवलं तर प्राणी जगणार नाही. मग एकच शक्यता जवळची वाटते: दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असतील. तसं झालं असेल तर खुणा राहायला हव्यात, आणि कोणत्या, तेही आधीच सांगता येतं. गुणसूत्राच्या प्रत्येक टोकाला टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. जोडकामात हा मजकूर मध्ये अडकलेला दिसायला हवा. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू, म्हणजे पेशी विभागताना त्याला धरायची जागा, असतो, म्हणून जोडलेल्या गुणसूत्रात दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचा अवशेषही हवा.

१९९१ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरची ती जागा वाचली. टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी असं चालत आलेलं वाचन एका बिंदूपाशी उलटतं आणि पुढे सीसीसीटीएए, सीसीसीटीएए असं सुरू होतं. दोन टोकं समोरासमोर चिकटली तर अक्षरं अशीच येतील. मध्ये काही अक्षरं झिजून बदलली आहेत, इतक्या काळात तसं होणारच. बंद पडलेला दुसरा गुणसूत्रबिंदूही त्याच गुणसूत्रावर सापडला. चिंपांझीची जी दोन गुणसूत्रं एकापुढे एक ठेवली की आपलं दुसरं गुणसूत्र जुळतं, त्यांना आता २ए आणि २बी अशीच नावं आहेत.

डीएनएने एक गोष्ट आधी सांगितली आणि हाडांनी ती नंतर मान्य केली, असंही घडलं आहे, आणि ते आपल्या उपखंडातच घडलं. देवमासा हा सस्तन प्राणी, पण जमिनीवरच्या कोणाचा नातलग? बरेच जीवाश्मतज्ज्ञ दातांच्या ठेवणीवरून त्याचं नातं मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांशी लावत. १९९० च्या दशकात टोकियोत नोरिहिरो ओकाडांच्या गटाने डीएनएत जागा बदलत फिरणारे छोटे तुकडे तपासले. विषाणूंप्रमाणेच हेही एकदा एका जागी बसले की वंशात तिथेच राहतात. देवमासा आणि पाणघोडा यांच्यात ते एकाच जागी मिळाले. गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागी ते नव्हते. देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग पाणघोडा, हा निष्कर्ष अनेकांना पटला नाही. २००१ मध्ये पाकिस्तानात पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे घोटे सापडले. त्या घोट्याच्या हाडाला दोन्ही बाजूंना कप्पीसारखी खोबण होती, जी फक्त गाय, हरिण, डुक्कर, पाणघोडा यांच्या समखुरी गणात असते. २००७ मध्ये जम्मूतल्या कालाकोट भागातला 'इंडोहायस' हा प्राचीन समखुरी प्राणी पुढे आला. भूशास्त्रज्ञ रंगा राव यांनी ते दगड गोळा केले होते. त्यांच्या मागे पत्नीने ते जपून ठेवले आणि पुढे अभ्यासासाठी दिले. त्यातल्या एका कवटीचं कानाजवळचं हाड तुटलं आणि फक्त देवमाशांत दिसणारी जाड कड उघडी पडली. कच्छमधूनही प्राचीन देवमाशांचे जीवाश्म १९७० च्या दशकापासून मिळत आले आहेत. हाडं वाचणारे आणि अक्षरं वाचणारे वेगवेगळ्या वाटेने एकाच ठिकाणी पोचले, आणि याहून चांगली पडताळणी मला तरी सुचत नाही. जाता जाता, दात नसलेल्या देवमाशांत दाताच्या कवचाचं म्हणजे एनॅमलचं जनुक आजही आहे. मोडकं.

सगळा डीएनए एका सुरात बोलतो असं मात्र नाही. २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम वाचला गेला तेव्हा सुमारे ३० टक्के भागात माणूस किंवा चिंपांझी हे एकमेकांपेक्षा गोरिलाला जवळचे निघाले. यावरून उत्क्रांती खोटी ठरली असं काही जण लिहितात, म्हणून हे समजून घ्यायला हवं. पूर्वजांच्या कळपात एकाच जनुकाच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी असतात. थोड्या काळात तीन फांद्या फुटल्या तर कोणती आवृत्ती कोणाकडे जाईल हे बरंचसं योगायोगावर असतं. फांद्या फुटण्यातलं अंतर आणि कळपाचा आकार यावरून असा विसंगत भाग किती असेल याचं गणित मांडता येतं. बाकीचा सत्तर टक्के भाग मिळून माणूस आणि चिंपांझीलाच जवळ ठेवतो.

या पद्धतीवर आपण सगळ्यांनी करोनाच्या काळात विश्वास ठेवलेला आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन ठरावीक बदल एकत्र असलेला करोना विषाणू वाढतो आहे. त्याच घराण्यातून पुढे डेल्टा आला. कोणता विषाणू कुठून आला, कोणाची शाखा कोणती, हे सगळं नकलेतल्या चुका जुळवूनच ठरत होतं. अक्षरं फक्त डीएनएऐवजी आरएनएची होती. त्या दोनपैकी एक बदल कॅलिफोर्नियातल्या एका प्रकारातही होता. तरी ते दोघे एका शाखेचे नाहीत हे लगेच कळलं, कारण आजूबाजूच्या बाकीच्या चुका जुळत नव्हत्या.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र उत्क्रांतीचा भाग २०२३ मध्ये काढला गेला, आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. पुढे विज्ञान न घेणाऱ्या मुलाची या विषयाशी गाठ पडायची ती दहावीतच, आणि म्हणून ही वगळणी मला फार लागते.

शिक्षकांना मात्र हे सगळं वर्गात दाखवता येईल. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेचा जनुकांचा साठा इंटरनेटवर फुकट आणि सगळ्यांना खुला आहे. तिथे रोमन लिपीत जीयूएलओपी ही पाच अक्षरं टाकून माणूस निवडला की आठव्या गुणसूत्रावरचं आपलं मोडकं जनुक समोर येतं. मुलांकडून करून घ्यायला याहून सोपं हवं असेल तर सायटोक्रोम सी घ्यावं. पेशीला ऊर्जा मिळवून देणारं, १०४ अमिनो आम्लांच्या दुव्यांचं हे प्रथिन आहे. माणूस आणि चिंपांझीत त्यात एकही फरक नाही, ऱ्हीसस माकडाशी ताडलं तर एक, घोड्याशी बारा. मोजणी मुलांनाच करू द्यावी आणि बेडूक, कोंबडी, टूना मासा कुठे बसतील याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा.